शेगडीची निवड आणि लोकांचे अभिप्राय

बियाणें खरेदी करतांना आमचा शेतकरी जितका चौकस असतो, तितका तो घरांत लागणाऱ्या वस्तु घेतांना नसतो. पिशवीवरील खूणचिठ्ठी तो वाचतो. उगवणीचें शेंकडा प्रमाण पाहतो. तें वाण गेल्या सालीं कोणीं पेरलें होतें, त्याची जमीन काळी कीं मुरमाड, पाणी किती दिलें, याची विचारपूस करतो आणि मगच पैसे मोजतो. शेगडी घेतांना मात्र तोच गृहस्थ दुकानांतील कांचेची चकाकी पाहून, किंवा हल्लीं मोबाइलच्या पडद्यावर दिसणारे पांच तारे मोजून, पांच मिनिटांत सौदा उरकतो. बियाण्याला लावावयाची कसोटी शेगडीलाहि लावतां येते, आणि लोकांच्या अभिप्रायांचा खरा उपयोग त्या कसोटीनेंच होतो, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रश्न किरकोळ नाहीं. १ मे २०१६ रोजीं उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची जोडणी खेडोपाडीं पोंचली. तरीहि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत स्वयंपाकासाठीं स्वच्छ इंधन वापरणारीं कुटुंबें देशांत शेंकडा ५८.६ च आढळलीं. इंधनाची किंमत हें याचें एक कारण खरें. पण पुष्कळ घरीं असेंहि दिसतें कीं, आणलेल्या शेगडीवर मोठें पातेलें डळमळतें, भाकरी नीट फुगत नाहीं; मग ती शेगडी चहापुरती उरते आणि बाकीचा स्वयंपाक पुन्हां चुलीवर जातो. चुकीची शेगडी घेतली तर पैसे जातात एवढेंच नव्हे, घरांतून घालविलेला धूर परत येतो. आणि तो घरच्या लक्ष्मीच्या डोळ्यांत व छातींत जातो.

तारे दोन प्रकारचे

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. शेगडीसंबंधानें जे तारे आपल्या दृष्टीस पडतात ते दोन अगदीं निरनिराळ्या ठिकाणांहून येतात.

पहिले तारे केंद्रसरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे. ही संस्था २००२ सालीं स्थापन झाली. गॅसच्या शेगडीवर तिची चिठ्ठी असेल, तर तिच्यावरील तारे प्रयोगशाळेंत मोजलेल्या कार्यक्षमतेवरून दिलेले असतात. म्हणजे जळलेल्या गॅसच्या उष्णतेपैकीं शेंकडा किती भाग भांड्यांत उतरला, एवढेंच ते सांगतात. भारतीय मानक ४२४६ प्रमाणें घरगुती गॅसच्या शेगडीची ही कार्यक्षमता निदान शेंकडा ६८ असावी लागते. तारे जितके अधिक, तितका गॅस कमी लागणार.

दुसरे तारे ग्राहकांचे. विक्रीच्या संकेतस्थळावर ज्यांनीं वस्तु घेतली त्यांनीं आपापल्या समजुतीप्रमाणें ते दिलेले असतात. कोणी शेगडी आवडली म्हणून पांच तारे देतो, कोणी पेटी फाटून आली म्हणून एकच देतो. या ताऱ्यांचा गॅसच्या बचतीशीं संबंध असेलच असें नाहीं. एका चिठ्ठीवरचे तारे दुसरीच्या जागीं धरणें म्हणजे उगवणीचा आंकडा पाहून उताऱ्याचा अंदाज बांधण्यासारखें आहे.

या दोहोंखेरीज आय. एस. आय. ची खूण पाहावी. खुणेच्या वर मानकाचा क्रमांक व खालीं परवान्याचा क्रमांक असतो. हा परवाना खरा कीं खोटा, हें भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइलवरील साधनांत क्रमांक घालून घरबसल्या पडताळतां येतें. ही खूण नसेल तर पुढचे अभिप्राय वाचण्याचे श्रमच घेऊं नयेत.

अभिप्राय कसे वाचावे

सरासरी आंकड्याबरोबर मतें किती आहेत हें अवश्य पाहावें. समजा, एका शेगडीस दहा जणांनीं मिळून ४.८ ची सरासरी दिली आहे व दुसरीस दोन हजार जणांनीं ४.३ ची. पहिलीस एक-एक तारा देणारे केवळ दोन असंतुष्ट गिऱ्हाइक मिळाले, कीं तिची सरासरी ४.२ च्याहि खालीं येते. दुसरीच्या आंकड्यांत तेवढ्यानें फरक दिसतहि नाहीं. थोड्या मतांची मोठी सरासरी ही एका वाफ्यावरून काढलेल्या एकरी उताऱ्यासारखी कच्ची असते.

यानंतर तारखा पाहाव्या. पुष्कळसे अभिप्राय वस्तु घरीं आल्याच्या दिवशींच लिहिलेले असतात. त्यांत पेटी, रंग, चकाकी आणि वेळेवर पोंचल्याबद्दल समाधान, एवढेंच असतें. पीक उभें राहण्यापूर्वींच दिलेली ही पावती होय. सहा महिने, वर्ष, दोन वर्षें वापरून लिहिलेला अभिप्राय शोधावा. तो बहुधा लहान व रुक्ष असतो, पण कामाचा असतो.

पांच ताऱ्यांची स्तुति व एका ताऱ्याचा संताप यांपेक्षां दोन, तीन व चार ताऱ्यांचीं मतें सावकाश वाचावीं. अशा माणसानें वस्तूचे गुणहि पाहिलेले असतात आणि दोषहि. तक्रार एकट्यादुकट्याची असेल तर ती सोडून द्यावी. पण तीच तक्रार निरनिराळ्या गांवांहून, निरनिराळ्या शब्दांत येत असेल, तर ती वस्तूची खोड समजावी. आपोआप पेटविण्याचें बटण लौकर बिघडणें, चावी गरम होऊन फिरविण्यास जड जाणें, मंद आंच न टिकतां विझणें, भांड्याचा आधार हलणें, कांच तडकणें आणि दुरुस्तीस माणूस न येणें, या सहा गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावें. कांचेविषयीं इतकें सांगणें अवश्य आहे कीं, तापलेल्या कांचेवर गार पाणी सांडल्यानें किंवा फार मोठें भांडें ठेवून उष्णता खालीं कोंडल्यानेंहि ती फुटते. तेव्हां दोष कांचेचा कीं वापराचा, हें तक्रारींतूनच ताडून पाहावें.

आणखी दोन सूचना. दोन, तीन व चार बर्नरांच्या शेगड्यांचे अभिप्राय कित्येकदां एकाच ठिकाणीं एकत्र केलेले असतात. आपण घेत असलेल्या शेगडीसंबंधीं कोणते, तें निवडून घ्यावें. तसेंच एकाच सुमारास, जवळजवळ एकाच वाक्यांत आलेली स्तुति विकत घेतलेली असण्याचा संभव असतो. अशा प्रकारांस आळा बसावा म्हणून भारतीय मानक ब्यूरोनें नोव्हेंबर २०२२ मध्यें ऑनलाइन अभिप्रायांसाठीं १९००० क्रमांकाचें मानक प्रसिद्ध केलें; परंतु तें ऐच्छिक ठेवण्यांत आलें होतें, म्हणून वाचणारानें आपली सावधगिरी सोडूं नये.

अभिप्राय देणाराचें स्वयंपाकघर

सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. अभिप्राय देणाराचें स्वयंपाकघर आपल्यासारखें आहे काय, हें विचारल्यावांचून त्याच्या मताची किंमत ठरत नाहीं. शहरांतील तिघांच्या कुटुंबास जी शेगडी उत्तम वाटली, तीच सुगीच्या दिवसांत पंधरा-वीस माणसांचें रांधणाऱ्या घरीं अपुरी पडेल. चार बर्नर एकमेकांस खेटून बसविलेले असले, तर दुधाचें मोठें पातेलें ठेवतांच बाजूचे दोन बर्नर निरुपयोगी होतात. म्हणून घरांतील सर्वांत मोठ्या भांड्याच्या बुडाचें माप घेऊनच दुकानांत जावें. ज्वारीची भाकरी तव्यावरून काढून आंचेवर फुगविण्याची रीत ज्या घरीं आहे, तेथें आंच तव्याच्या सर्व बुडास सारखी लागते कीं मधेंच जळते, हें लोकांच्या मतांत शोधावें.

विजेच्या इंडक्शन शेगडीबाबत हा विचार अधिकच करावा लागतो. तिच्यांत आंच नसते. खालच्या तारेच्या वेटोळ्यांतून निर्माण होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रानें भांड्याचें बूडच तापतें. म्हणून तिची कार्यक्षमता शेंकडा ८५ च्या सुमारास जाते. परंतु बुडास लोहचुंबक चिकटेल असेंच, व सपाट बुडाचें, भांडें तिला चालतें. तांब्यापितळेचीं व साध्या ॲल्युमिनियमचीं भांडीं तिच्यावर तापत नाहींत. गोल बुडाची कढई बसत नाहीं. आणि भाकरी आंचेवर फुगविण्याचा प्रश्नच उरत नाहीं. त्यांतून वस्ती शेतावर असेल, तर वीज कोणत्या वेळीं असते व तिचा दाब कितपत टिकतो, हें आधीं पाहावें. दोन हजार वॉटच्या शेगडीस सोळा अँपियरची जागा व चांगलें भूसंलग्नन पाहिजे. ज्यांनीं ती दुसरी शेगडी म्हणून, दूध व पाणी तापविण्यास घेतली, त्यांचे अभिप्राय एका बाजूस ठेवावे. जे तिच्यावर सर्व स्वयंपाक करितात त्यांचे दुसऱ्या बाजूस.

गोबरगॅस असलेल्या बागायतदारांनीं सिलिंडरच्या गॅसची शेगडी त्यास जोडूं नये. गोबरगॅसची उष्णता व दाब दोन्ही कमी असल्यानें त्याच्या शेगडीचें छिद्र मोठें असतें; तिचें भारतीय मानकहि वेगळें, म्हणजे ८७४९ क्रमांकाचें आहे.

इंधनाचा हिशेब

शेगडीची किंमत एकदां द्यावी लागते, इंधनाची दरमहा. १४.२ किलोच्या सिलिंडरांत सुमारें १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. शेंकडा ६८ कार्यक्षमतेच्या शेगडीनें तींतली सुमारें १२२ युनिटें भांड्यांत उतरतात. तेवढेंच काम इंडक्शनवर करण्यास सुमारें १४५ युनिटें लागतील. आपल्या बिलांतील दरानें या युनिटांस गुणून सिलिंडरच्या किंमतीशीं ताडून पाहावें. मात्र आपल्या राज्यांत महिन्याच्या १०० युनिटांपुढें घरगुती विजेचा दर चढतो. म्हणून वाढीव युनिटें कोणत्या दरांत पडतील, तें पाहूनच गुणाकार करावा.

गॅसच्या दोन शेगड्यांतला फरकहि असाच काढतां येतो. वर्षास दहा सिलिंडर लागणाऱ्या घरीं शेंकडा ६८ ऐवजीं ७२ कार्यक्षमतेची शेगडी आली, तर अर्ध्या सिलिंडराहून थोडा अधिक गॅस वांचेल. ही बचत किती वर्षांत जादा किंमत भरून काढते, एवढें मांडलें म्हणजे महाग शेगडी खरोखर महाग आहे कीं नाहीं तें कळतें. आंच निळी असावी. ती पिवळी होऊन भांड्यास काजळी धरूं लागली, तर हवेचा मार्ग किंवा बर्नर साफ करून घ्यावा, नाहींतर हा सर्व हिशेब फुकट जातो.

रबरी नळी आय. एस. आय. खुणेची असावी व ती दर पांच वर्षांनीं बदलावी. हा गॅस हवेपेक्षां जड असल्यानें जमिनीलगत सांठतो. म्हणून शेगडी नेहमीं सिलिंडरपेक्षां उंच ओट्यावर ठेवावी. वास आल्यास रेग्युलेटर बंद करावा, दारें-खिडक्या उघडाव्या, विजेच्या कोणत्याहि बटणास हात लावूं नये, आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावें.

सभासदांस सूचना

दूरच्या अनोळखी माणसाच्या शंभर मतांहून शेजारच्या गांवचें एक मत मोलाचें असतें. मुंबई ग्राहक पंचायतीनें १९७५ पासून कुटुंबांचे संघ करून एकत्र खरेदीची पद्धति चालविली आहे. आमच्या सभासदांसहि असें कांहीं करणें कठीण नाहीं. पांच घरांनीं पांच निरनिराळ्या बनावटीच्या शेगड्या घ्याव्या. प्रत्येक सिलिंडर लावल्याची तारीख दिनदर्शिकेवर टिपावी. घरीं जेवणारीं माणसें किती, हेंहि लिहावें. बिघाड केव्हां झाला व दुरुस्तीवाला किती दिवसांनीं आला, याची नोंद ठेवावी. एक खरीप व एक रब्बी गेल्यावर या पांच वह्या एकत्र ठेवल्या, म्हणजे आपल्याच मुलखांतला खात्रीचा अभिप्राय तयार होईल. तो या मासिकाकडे आल्यास आम्ही आनंदानें छापूं.

आणि या वह्या लिहावयाच्या त्या शेगडीपुढें उभें राहणाऱ्या गृहिणींनीं. निवडीच्या वेळींहि त्यांस दुकानांत बरोबर न्यावें. भांडें ठेवून, चावी फिरवून, आंच बारीक करून त्यांस पाहूं द्यावें. पैसे देणारानें बिल, हमीपत्र व परवान्याचा क्रमांक सांभाळावा, आणि फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक सहायताकक्षास १९१५ वर कळवावें. बैलाची पारख औत धरणारा करतो. शेगडीची पारखहि रांधणारीनेंच केली पाहिजे.