मोहर्लीचें रान व हरणांचा माज

चैत्र लागला कीं मोहर्लीच्या आसपासच्या रानांत पहांटेच्या वेळीं एक लांबट, घोगरी आरोळी कानीं पडूं लागते. नवख्यास ती एखाद्या हिंस्र पशूची वाटते. वस्तुतः ती चितळाच्या नराची असते. हा त्याच्या माजाचा काळ होय. या काळांत हरणांच्या हालचाली कशानें वाढतात व कशानें मंदावतात, हें जाणण्याची खटपट पूर्वीं शिकारी लोक करीत. कारण एरवीं सावध असणारा नर याच दिवसांत बेसावध होतो. ताडोबाच्या रानांत १९३५ सालीं शिकारीस बंदी झाली, १९५५ सालीं तेथें राष्ट्रीय उद्यान झालें, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं हरणांची शिकार आज देशभर गुन्हा आहे. तथापि शिकाऱ्याचें तें ज्ञान आज निरुपयोगी झालें आहे असें नव्हे.

हरणाचीं शिंगें गाईम्हशींच्या शिंगांप्रमाणें जन्मभर टिकत नाहींत. तीं गळून पडतात व पुन्हां नवीं येतात. वाढत्या शिंगांवर मखमलीसारखी मऊ त्वचा असते. नराच्या रक्तांत विशिष्ट अंतःस्राव वाढला म्हणजे ती त्वचा वाळून निघते, शिंगें टणक होतात, नर तीं झाडांच्या खोडांवर घांसतो व प्रतिस्पर्ध्याशीं झुंजतो. खाण्याकडे त्याचें लक्ष राहत नाहीं. माजावर आलेल्या मादीच्या शोधांत तो एका कळपांतून दुसऱ्या कळपांत हिंडतो. तेव्हां नराच्या धांवपळीचें मुख्य कारण मादी हेंच होय.

हा काळ ठरवितें कोण? थंड देशांत दिवसाचें मान हें पंचांगाचें काम करितें. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखांत सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस यांत सुमारें अकरा तासांचें अंतर असतें. तेथील तांबड्या हरणाचा माज दिवस लहान होऊं लागल्यावर, सप्टेंबरअखेर व ऑक्टोबरांत येतो. आपल्या भागांत हें अंतर जेमतेम अडीच तासांचें. म्हणून चितळांचें वेळापत्रक तितकें काटेकोर नसतें. त्यांच्या माजाचा भर उन्हाळ्यांत असला तरी टणक शिंगांचा एखादा नर कोणत्याही महिन्यांत दिसूं शकतो. सांबराचा माज मात्र हिंवाळ्याच्या आरंभीं, विशेषतः नोव्हेंबर-डिसेंबरांत असतो. सांबराची मादी सुमारें आठ महिन्यांनीं वितें. म्हणजे पाडस जन्मतें तेव्हां पावसाचें कोंवळें गवत तयार असतें. सृष्टिकर्त्याची ही योजना मनन करण्याजोगी आहे.

चंद्राच्या कलेवर माज अवलंबून असतो, अशी शिकाऱ्यांची एक जुनी समजूत आहे. परंतु अमेरिकेंत पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या गर्भाचें वय मोजून पाहतां, पौर्णिमा कधींही येवो, माजाचा भर दरवर्षीं बहुधा त्याच सुमारास येतो असें आढळलें. हवामानाचीही तीच गोष्ट. ऊन, ढग, वारा हीं माज आणीत नाहींत. तीं केवळ हरणें कोणत्या घटकेस दिसतील हें बदलतात. कडक उन्हांत चितळें सावलींत बसतात व सकाळ-संध्याकाळ बाहेर पडतात. आभाळ भरून आलें तर तीं अधिक वेळ चरतात. वारा सोसाट्याचा असला तर आवाज व वास नीट कळत नसल्यामुळें तीं बुजरीं होतात.

आतां मुख्य मुद्दा. उन्हाळ्यांत ओढेनाले आटले म्हणजे पाणवठे थोडे उरतात. स्तोत्रकर्त्यानें पाण्यासाठीं व्याकूळ झालेल्या हरिणीचा दाखला दिला आहे, त्याची सत्यता अशा वेळीं पटते. मोहाचीं फुलें पहांटे गळतात. तीं चितळांस फार आवडतात. मादी पाण्याकडे व मोहाखालीं येते, तिच्यामागें नर येतो, आणि नराच्या मागावर वाघ येतो. नेमक्या त्याच वेळीं आपलीं माणसेंही टोपली घेऊन मोहफुलें वेंचावयास जातात, आणि मे महिन्यांत तेंदूचीं पानें तोडावयास. फुलें वेंचण्यासाठीं ओणवें झालेलें माणूस वाघास भक्ष्यासारखें भासूं शकतें. चंद्रपूर जिल्ह्यांत या कामीं अनेकांचे प्राण गेले आहेत.

यासाठीं प्रत्येक मुलानें दोन आवाज ओळखावयास शिकावें. माजाची आरोळी लांबट व घोगरी असते. भयाचा इशारा आंखूड, तीक्ष्ण व पुनःपुन्हां दिलेला असतो. तो देणारें चितळ शेपटी वर करून, पुढचा पाय आपटीत, एकाच दिशेकडे टक लावून पाहतें. त्यास वानराच्या खोंकल्यासारख्या आवाजाची जोड मिळाली तर संशयास जागा उरत नाहीं. अशा वेळीं टोपली तेथेंच टाकून, मुलांस मध्यें घेऊन, सर्वांनीं मिळून मोकळ्या जागीं परतावें. रानांत एकट्यानें जाऊं नये व उजाडण्यापूर्वीं तर मुळींच जाऊं नये. जें ज्ञान एके काळीं प्राण घेण्यासाठीं मिळविलें गेलें, तेंच आज प्राण राखण्याच्या कामीं यावें, यांतच त्याचें सार्थक आहे.