तिरप्या दोऱ्यांची मालकी

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवरचे आकडे नीट वाचा. १३.६-२८ असे असेल, तर मधली आडवी रेघ सांगते की टायर बायस आहे. रेडियल असता तर तिथे 'आर' आला असता. आपल्याकडचे टायरवाले या बायसला सरळ 'नायलॉन' म्हणतात. त्याच्या आत रबरात बसवलेल्या दोऱ्यांचे थर असतात. एका थरातल्या दोऱ्या डावीकडे झुकलेल्या, तर वरच्या थरातल्या उजवीकडे. सगळे थर एका काठाच्या तारेपासून दुसऱ्या काठाच्या तारेपर्यंत जातात, म्हणून टायरची बाजू दणकट होते आणि दगडधोंड्यांना दाद देत नाही. वेगात मात्र हे थर एकमेकांशी झगडून तापतात, आणि हमरस्त्यावर रेडियल सरस ठरतो.

ही रचना कोणा एकाची नाही. स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये हवेच्या चाकाचे पेटंट घेतले, पण लोक ते विसरले. १८८८ मध्ये बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन डनलॉप यांनी तीच कल्पना नव्याने मांडली. पुढे थॉमसन यांचे जुने पेटंट उजेडात आले आणि डनलॉप यांचा हक्क गेला.

तेव्हा टायरमध्ये विणलेले कापड असे. उभे-आडवे धागे एकमेकांवर घासून तुटत. शिकागोचे जॉन पामर यांनी १८९० च्या दशकात यावर उपाय काढून पेटंट घेतले: विणायचेच नाही, दोऱ्या समांतर ठेवायच्या आणि मध्ये रबर भरायचे.

पुढचा प्रश्न टायर बांधण्याचा होता. गुडइयर या टायर कंपनीच्या विल्यम स्टेट यांचे १९०९ चे पेटंट टायर बांधणाऱ्या यंत्राचे होते. तोवर कारागीर रबर लावलेले, तिरपे कापलेले कापड लोखंडी कड्यावर हाताने ओढून बसवत. कड्याचा घेर आतल्या बाजूला कमी होतो, त्यामुळे तिथे कापडाला चुण्या पडत, आणि चुणी म्हणजे टायरची कमजोर जागा. स्टेट यांच्या यंत्रात कडे यंत्रशक्तीने फिरे, कापड ताणाखाली चढे आणि फिरत्या चकत्या ते दोन्ही बाजूंनी दाबत खाली नेत. तिरप्या कापणीमुळे कापड हवे तसे वळे आणि सपाट बसे.

या पेटंटवरून खटले झाले. एका अपील न्यायालयाने ते बाद ठरवले, दुसऱ्याने वैध. अखेर १९२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: यंत्राचे भाग आधीपासून माहीत होते, ते एकत्र आणण्यात नवा शोध नाही.

नुसते पेटंट घेऊनही भागत नाही. ग्रे आणि स्लोपर यांनी १९१३ मध्येच इंग्लंडमध्ये रेडियलची कल्पना नोंदवली होती. पण मिशलँ कंपनीचा रेडियल बाजारात आला तो थेट १९४९ मध्ये.

पेटंट हा एक करार आहे: शोधकाने आपली युक्ती आकृतीसह उघड करायची, समाजाने त्याला ठरावीक वर्षे हक्क द्यायचा. भारतात ही मुदत २० वर्षांची आहे. बायसच्या मूळ युक्त्यांची मुदत कधीच सरली. म्हणूनच वाळूजमधल्या बालकृष्ण इंडस्ट्रीजच्या कारखान्यात शेतीचे टायर बनतात, तेव्हा तिरप्या दोऱ्यांसाठी परवानगी मागावी लागत नाही. कष्टाने मिळवलेले ज्ञान आधी शोधकाला मोबदला देते आणि मग सर्वांचे होते. या व्यवस्थेचे खरे मोल त्यातच आहे.