तारांची वाट : झाकलेली की उघडी?

पनवेलहून गोव्याकडे निघालेला महामार्ग पळस्प्याचा फाटा मागे टाकून शिरढोणास येतो. हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. 4 नोव्हेंबर 1845 रोजी या आद्य क्रांतिकारकाचा जन्म येथे झाला आणि गावाची ओळख आजही त्यांच्याच नावाने दिली जाते. तथापि व्यापारी कुटुंबातील मनुष्य या रस्त्याने निघाला की त्याची दृष्टी कर्नाळ्याच्या सुळक्याइतकीच परिसरातील पत्र्याच्या शेडांवरही रेंगाळते. एका अंगास न्हावा-शेव्याचे बंदर, दुसऱ्या अंगास तळोजे व पाताळगंगा येथील औद्योगिक वसाहती, जवळच कळंबोलीचा लोखंडबाजार आणि जानेवारी 2024 पासून मुंबईशी थेट जोडणारा अटल सेतू. मस्जिद बंदर, काळबादेवी या भागांतील अरुंद गाळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या माल ठेवणाऱ्या घराण्यांना पनवेल तालुक्यातील मोकळी जागा खुणावू लागली, यात नवल नाही.

शेड उभारताना मालक जमिनीची फरशी पारखतो, शटरचा पत्रा हाताने ठोकून पाहतो, छपराच्या उंचीवरून तासभर वाद घालतो. विजेच्या कोटेशनमधील ‘केबल ट्रे व ट्रंकिंग, एकरकमी’ ही ओळ मात्र तो डोळ्यांखालून घालून सही करतो. या एका ओळीत पुढील वीस-पंचवीस वर्षांचा खर्च आणि रात्रपाळीस आत काम करणाऱ्या माणसांची सुरक्षितता दडलेली असते.

केबल नेण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिली झाकलेली. पत्र्याची किंवा पीव्हीसीची चौकोनी पेटी भिंतीवरून वा छतालगत न्यायची, तारा तिच्यात घालायच्या आणि वर झाकण बसवायचे, तिला ट्रंकिंग म्हणतात. घरातील केसिंग-कॅपिंग हे तिचेच धाकटे भावंड होय. दुसरी रीत उघडी. दोन बाजूंच्या पट्ट्या आणि मध्ये आडवे दांडे असलेली लॅडर ट्रे, किंवा भोके पाडलेल्या पत्र्याची परफोरेटेड ट्रे. केबल तिच्यावर नुसती निजलेली असते, वरून-खालून वारा वाहतो.

झाकलेली ट्रंकिंग दिसण्यास नीटस असते. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांना तीच आवडते. पण विजेस सौंदर्याशी कर्तव्य नसते, तिचा संबंध उष्णतेशी आहे. तारेतून प्रवाह वाहिला की तार तापते आणि प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. पीव्हीसी आवरणाच्या केबलचा वाहक 70 अंश सेल्सियसपर्यंत आणि एक्सएलपीई आवरणाचा 90 अंशांपर्यंत तापू द्यावा, अशी मर्यादा आहे. ती सतत ओलांडली गेली तर आवरण ठिसूळ होते, तडकते आणि मग एखाद्या दिवशी ठिणगी पडते.

येथेच आंतरराष्ट्रीय विद्युत मानकांतील कोष्टके मालकाने एकदा तरी डोळ्यांखालून घालावीत. एकटी असताना 100 अँपिअर वाहू शकणारी केबल अशा नऊ मंडलांच्या जुडग्यात पेटीत कोंबली, तर तिची क्षमता निम्म्यावर, म्हणजे 50 वर येते. त्याच नऊ केबली लॅडर ट्रेवर एकाच थरात शेजारी शेजारी निजवल्या तर ती सुमारे 78 राहते. ही कोष्टके हवेचे तापमान 30 अंश धरतात. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली, भर दुपारी, ट्रेच्या उंचीवर 50 अंश भरणे अशक्य नव्हे. पीव्हीसी केबलला 50 अंशांस आणखी 0.71 चा गुणक लागतो. म्हणजे पेटीतील केबलपाशी सुमारे 35 अँपिअर उरतात आणि ट्रेवरील केबलपाशी सुमारे 55. एकाच कारखान्यातून आणलेल्या, एकाच भावाच्या दोन केबलींत केवळ वाटेमुळे पडलेला हा फरक आहे. झाकलेल्या वाटेस तोच भार पेलायचा तर केबल जाड घ्यावी लागते. लोखंडात वाचलेला पैसा तांब्यात जातो आणि तांब्याचा भाव व्यापाऱ्यांस निराळा सांगावयास नको.

मग उघडी ट्रे हेच उत्तर काय? कोकणाची हवा इतके सोपे उत्तर देऊ देत नाही.

रायगड जिल्ह्यात पाऊस चार महिने मुक्काम ठोकतो आणि खाडीकडून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असते. ट्रेचा पत्रा आधीच जस्त चढवलेल्या रोलमधून कापून बनवलेला असेल तर त्यावरील थर साधारण 20 मायक्रॉनचा असतो आणि कापलेल्या कडा उघड्याच राहतात. वस्तू पूर्ण घडवून मग वितळलेल्या जस्तात बुडवली, म्हणजे हॉट डिप गॅल्व्हनायझिंग केले, तर दीड ते तीन मिलिमीटर जाडीच्या पोलादावर सरासरी 55 मायक्रॉनचा थर अपेक्षित असतो आणि कडाही झाकल्या जातात. दोन्हींना बाजारात ‘जीआय’च म्हणतात. कोटेशनवरही ‘जीआय’ एवढेच लिहिलेले असते. शिरढोणसारख्या समुद्रापासून फार दूर नसलेल्या जागी हा फरक काही पावसाळ्यांतच गंजाच्या रूपाने दिसू लागतो. तळोज्यातील रासायनिक कारखान्यांत आम्लाच्या वाफा असतील तेथे लोखंडाचा आग्रह सोडून ग्लासफायबरची ट्रे घेणे अधिक शहाणपणाचे.

झाकण असले म्हणजे पाणी आत जात नाही, हाही एक गोड समज आहे. साध्या ट्रंकिंगच्या सांध्यांतून दमट हवा आत शिरते, रात्री पत्रा थंड झाला की तिचे पाणी होते आणि ते सखल जागी साचून राहते. उघड्या ट्रेवरील पाणी निदान वाळते.

धुळीचा मामला निराळा. मसाला, धान्य, पीठ, कापूस यांच्या गोदामात उघड्या ट्रेवर धुळीचा थर बसतो. तो केबलला दुलईसारखा उबदार गुंडाळतो आणि पेट घेऊ शकतो. अशा ठिकाणी ट्रेवर उतरते किंवा थोडे उंच उचललेले झाकण घालून खालची बाजू मोकळी ठेवतात. पिठाची किंवा साखरेची धूळ हवेत तरंगत असेल तर स्फोटाचा धोका संभवतो. तेथे झाकलेल्या-उघड्याचा प्रश्न दुय्यम ठरतो आणि धोकादायक क्षेत्राचे स्वतंत्र नियम लागू होतात.

आता उंदीर. धान्याच्या आणि किराणा मालाच्या व्यापारात हा पाहुणा न बोलावता येतो आणि जैन मालक त्याच्यासाठी विष ठेवू इच्छीत नाही. म्हणून त्याची वाट अडवणे हाच उपाय राहतो आणि तो जागेच्या रचनेतच करावा लागतो. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, ते झिजवण्यासाठी त्याला कुरतडावेच लागते. झाकलेली ट्रंकिंग त्याला आवरते असे वाटते, परंतु तिचे एक टोक उघडे राहिले की हीच पेटी त्याला उबदार, कोरडे, अंधारे घर होते. आत काय चालले आहे ते बाहेरून कळत नाही. उघड्या ट्रेवरूनही तो फिरतो, पण त्याच्या लेंड्या आणि कुरतडलेले आवरण झाडणाऱ्या माणसाच्या नजरेस पडते. खरे संरक्षण आर्मर्ड केबलच्या पोलादी वेष्टनात, पॅनेलमध्ये शिरताना घट्ट बसवलेल्या ग्लँडमध्ये आणि न वापरलेल्या प्रत्येक भोकास लावलेल्या बुचात आहे. त्याच बुचामुळे पॅनेलमध्ये शिरून दोन टोकांस चिकटणारी आणि तेथेच प्राण गमावणारी पालही वाचते.

आगीसंबंधी एक प्रसंग विद्युत अभियंते आजही आठवतात. 22 मार्च 1975 रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात भिंतीतून जाणाऱ्या केबलींभोवतीची फट बुजवली आहे की नाही हे तपासले जात होते. साधन होते पेटती मेणबत्ती. ज्योत हलली तर हवा गळते, एवढा सरळ हिशेब. फट बुजवण्यास वापरलेल्या फोमने पेट घेतला, ज्वाळा ट्रेवरून भिंतीपलीकडे गेल्या, आग सुमारे सात तास चालली आणि 1600 च्या आसपास केबली जळाल्या. ट्रे उघडी होती हे खरे, पण आगीचे मूळ भिंतीतल्या त्या भोकात होते. ट्रंकिंग असती तरी ते भोक तसेच राहिले असते. उलट उभ्या, झाकलेल्या पेटीत अडसर नसेल तर ती धुराड्याचे काम करते.

साधे पीव्हीसी जळले की काळा धूर आणि हायड्रोजन क्लोराईड वायू निघतो. ओलाव्याशी मिळून त्याचे आम्ल होते. आग एका कोपऱ्यात विझली तरी हे आम्ल उरलेल्या शेडमधील माल, यंत्रे आणि विद्युत उपकरणे खराब करू शकते. त्यामुळे जेथे माणसे अधिक वा माल नाजूक, तेथे कमी धूर आणि हॅलोजनविरहित केबलचा जादा दर द्यावा. येथे काटकसर नको.

उघड्या ट्रेचा मोठा दोष तिच्या गुणातच आहे. नवे यंत्र आले, टाका एक केबल. वातानुकूलन आले, आणखी एक. एका थराचे तीन थर होतात, वर मांडलेला 78 चा हिशेब कोसळतो आणि बंद पडलेल्या जुन्या केबली काढण्याचे कोणाच्याही मनात येत नाही. काही शेडांत तर ट्रेवर झाडू, बांबू आणि डबाही सुखाने नांदत असतात. ट्रंकिंग निदान भरली की भरली, असे सांगते. तिची जागा 45 टक्क्यांपलीकडे भरू नये अशी ब्रिटिश प्रथा आहे.

तेव्हा मोठ्या शेडपुरता निर्णय असा : मुख्य पॅनेलपासून छतालगत जाणारा कणा हॉट डिप केलेल्या लॅडर ट्रेचा असावा. तेथून खाली यंत्राकडे उतरणारी केबल, फोर्कलिफ्टचा काटा जेथवर पोहोचतो तेथवर, कंड्युट वा भक्कम ट्रंकिंगमध्ये न्यावी. कार्यालयात आणि पॅकिंगच्या टेबलांपाशी ट्रंकिंगच योग्य. कॅमेरे व संगणक यांच्या तारा वीजवाहक केबलींपासून वेगळ्या ठेवाव्यात. तीन फेजच्या एकेरी केबली लोखंडी नळ्यांतून सुट्या सुट्या नेऊ नयेत, नळ्याच तापतात. ट्रे असो वा ट्रंकिंग, धातूच्या प्रत्येक सांध्यावर अर्थिंगची सलगता तपासावी.

काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षाविषयक विनियमांनाही अपेक्षित आहे. कोटेशनमधील ती एक ओळ मात्र मालकाने फोडून मागावी : ट्रेचा प्रकार, पत्र्याची जाडी, जस्ताचा थर मायक्रॉनमध्ये, दोन आधारांतील अंतर, आज भरलेली व पुढे राखलेली जागा आणि भिंतीतील भोके अग्निरोधक द्रव्याने बुजवण्याचा स्वतंत्र दर. हा शेवटचा दर बहुतेक कोटेशनांत नसतोच. नवी केबल टाकण्यासाठी पुढे भिंत पुन्हा फोडली जाते, तेव्हा ती बुजवण्याचे काम कोणाचे, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे आणि दरवर्षी मे महिन्यात, पाऊस येण्यापूर्वी, शिडी लावून एकेक भोक पाहावे.