तिसरं चाक शेपटीला असलं म्हणून काय बिघडलं?

आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं, विमान घ्यायचं ठरवलं की पहिला सल्ला ठरलेला असतो : ‘शेपटीला चाक असलेलं घेऊ नकोस, ते नवशिक्यांचं विमान नव्हे.’ दुकानदार सांगतो, व्हिडिओवाले सांगतात आणि ज्याने माळावरून कधी विमान उचललेलं नाही तोही सांगतो. मग साताऱ्याचा किंवा सांगलीचा एखादा मुलगा नाकाखाली चाक असलेलं विमान घेतो, मुरमाड माळावर जातो आणि हवेत जाण्याआधीच पुढच्या चाकाची तार वाकवून परत येतो. गुळगुळीत डांबरी पट्टीवर हा सल्ला बरोबर आहे. आपल्याकडच्या मातीवर तो डोळे झाकून दिला जातो, याची मला चीड आहे.

त्यात खरं किती, ते आधी पाहू. टेल-व्हील, म्हणजे शेपटीला चाक असलेल्या, विमानाची दोन मोठी चाकं सीजीच्या, म्हणजे विमानाच्या गुरुत्वमध्याच्या पुढे असतात. धावताना नाक जरा उजवीकडे वळलं, तरी मागचं वजन सरळच जाऊ पाहतं आणि शेपटी आणखी बाहेर फेकली जाते. रडर, म्हणजे शेपटीचं उभं सुकाणू, वेळेवर दिला नाही तर विमान गर्रकन फिरतं. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. नाकाखाली चाक असलेल्या विमानात वजन मोठ्या चाकांच्या पुढे असतं, त्यामुळे ते आपणहून सरळ होत राहतं. अमेरिकेच्या एफएए या हवाई नियामक संस्थेच्या ‘एअरप्लेन फ्लाइंग हँडबुक’मध्ये टेल-व्हील विमानांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, ते याच कारणाने. इथवर वाद नाही.

पण हे सगळं चाकं जमिनीला टेकलेली असेपर्यंतचं आहे. हवेत गेल्यावर तिसरं चाक पुढे आहे की मागे, याने विमानाच्या स्वभावात सांगण्यासारखा फरक पडत नाही. नवशिक्याचं विमान हे पंखावरून आणि तोलावरून ठरतं. पंख धडाच्या वर हवा, टोकांकडे किंचित उचललेला हवा, म्हणजे स्टिक सोडली की विमान कलतं राहत नाही. वजन पंखाच्या मानाने कमी हवं. वजन दीडपट झालं की हवेत टिकण्यासाठी लागणारा किमान वेग सुमारे 22 टक्क्यांनी वाढतो, आणि उतरताना नवशिक्याला विचार करायला मिळणारा वेळ त्या प्रमाणात आटतो. खाली बसवलेल्या पंखाचं, लढाऊ विमानासारखं जड मॉडेल तीन चाकांवर कितीही स्थिर उभं राहो, पहिल्या वळणात ते हातातून निसटतं. तरीही पेटीवर पुढचं चाक दिसलं की लोक त्याला ‘ट्रेनर’ म्हणतात!

आता आपली जमीन पाहा. खटाव-माणचे माळ, जत-आटपाडीकडची कुसळी गवताची रानं, कृष्णाकाठची काळी माती. माळावर मुरूम, गोटे आणि गुरांच्या खुरांचे खळगे. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा, पावसानंतर चिखल. फोमच्या लहान मॉडेलमध्ये पुढचं चाक एका बारीक तारेवर असतं आणि बहुतेकदा सर्वोला, म्हणजे ते वळवणाऱ्या छोट्या मोटरला, जोडलेलं असतं. ते खळग्यात अडकलं की तार वाकते, फोममधली बैठक उखडते, सर्वोचे दात जातात आणि प्रॉपेलर जमिनीला लागतो. टेल-व्हील विमान नाक वर करून उभं असतं, त्यामुळे प्रॉपेलरला जागा मिळते, आणि खडबडीत जमिनीचा मार दोन मजबूत पायांवर जातो. गवत गुडघाभर असेल तर मात्र तेही नाकावर उलटतं. तिथे हाताने फेकून उडवावं आणि पोटावर उतरवावं.

‘पण शिकायला अवघड,’ हे पालुपद तरीही थांबत नाही. मग एवढं सांगा, भारतात आराखडा करून बनवलेलं पहिलं प्रशिक्षण विमान कसं होतं? हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेलं एचटी-2 1951 मध्ये उडालं, आणि त्याचं तिसरं चाक शेपटीलाच होतं. हवाई दलाचे कॅडेट उडायला त्यावर शिकले. 1958 चं पुष्पक तर वर पंख आणि मागे चाक, असं आज मी नवशिक्याला सुचवेन त्याच घडणीचं. देशातल्या फ्लाइंग क्लबांनी ते वर्षानुवर्षं वापरलं. त्या शिकणाऱ्यांसोबत शिक्षक बसलेला असे, हे खरं. आपल्याकडेही दोन रिमोट जोडून शिक्षकाला ताबा घेता येतो, ती सोय जरूर वापरा.

निवडताना चाकांची जागा बारकाईने बघा. विमान उड्डाणातल्यासारखं सपाट धरलं की मोठ्या चाकांचा आस पंखाच्या पुढच्या कडेखाली किंवा जरासा पुढे यायला हवा. सीजीपासून आसापर्यंतची रेघ उभ्या रेषेशी पुढे साधारण 15 ते 20 अंशांचा कोन करते. आस फार मागे असेल तर विमान नाकावर पडतं, फार पुढे असेल तर ग्राउंड लूपची खोड वाढते. चाकांमधलं अंतर ऐसपैस हवं. सव्वा मीटर पंखाच्या विमानाला मुरमासाठी निदान 75 मिलिमीटरची चाकं मी मागेन. चाकांची तोंडं पुढून बाहेर वळलेली नसावीत, एखादा अंश आत असली तर बरं. शेपटीचं चाक रडरबरोबर वळणारं हवं. तयार विमानांत 1.3 मीटरचं कार्बन कब एस 2 याच जातीचं आहे.

उडवताना एलेव्हेटरची स्टिक मागे ओढून शेपटी दाबून ठेवा, थ्रॉटल हळूहळू वाढवा आणि वेग येईल तशी स्टिक सैल करा. विमान डावीकडे ओढायला लागेल. मोटर वाकडी बसल्याचा तो पुरावा नव्हे. फिरणाऱ्या प्रॉपेलरचा तो परिणाम असतो, थोडा उजवा रडर द्यायचा. बहुतेक ‘अवघड’ टेल-व्हील विमानं एका झटक्यात दिलेल्या पूर्ण थ्रॉटलमुळे अवघड झालेली असतात.

बाकीचे समज थोडक्यात. लहान विमान सोपं असतं, हे चूक. वाऱ्यात मोठंच स्थिर राहतं आणि लांबून दिसतंही. सिम्युलेटर खेळणं नाही, विमान आपल्याकडे येताना डावं-उजवं उलटं होतं ते तिथेच फुकटात अंगवळणी पडतं. लिपो बॅटरी पूर्ण भरून ठेवल्याने टिकत नाही; ठेवायची तर दर सेल सुमारे 3.8 व्होल्टवर. ड्रोनचे नियम चार पंख्यांच्या यंत्रांनाच लागू आहेत, असं ठासून सांगणाऱ्यांनी ‘ड्रोन नियम, 2021’ उघडून पाहावेत, त्यात विमानाचा वर्ग स्पष्ट लिहिलेला आहे. दोन किलोपर्यंतचं मॉडेल छंदासाठी उडवायला पायलट प्रमाणपत्र लागत नाही, पण सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा हिरव्या क्षेत्रात आहे का, हे बघावंच लागतं. कऱ्हाडची धावपट्टी कितीही मोकळी दिसली तरी ती खऱ्या विमानांची आहे. कासचं पठार फुलांचं आहे, तिथेही नको. आणि पडलेलं विमान शोधून काढू, हा भरवसा उसाच्या फडाशेजारी ठेवू नका : दहा फूट उंच उसात पांढरं फोम पाच पावलांवरून दिसत नाही, म्हणून रिमोटशी संपर्क तुटला की वाजणारा बझर आत बसवा.