दोनची रेघ

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात काम करणारे एक अभियंते बोलता बोलता म्हणाले होते, "नायोबियम आम्ही आम्लाने स्वच्छ करतो आणि त्या स्वच्छतेतच त्याला रोग लागतो." हे वाक्य डोक्यातून जाईना. रोग लागतो कसा आणि तो उतरवतात कसा, हे पाहायला मी त्या केंद्रात गेले.

शिकागोजवळच्या फर्मीलॅबमध्ये 'पिप-टू' हा नवा प्रोटॉन त्वरक उभा राहतो आहे. त्याच्या 650 मेगाहर्ट्झ कॅव्हिटींच्या कामात भारताचा, आणि त्यात इंदूरच्या या केंद्राचा, वाटा आहे. कॅव्हिटी म्हणजे शुद्ध नायोबियमच्या पत्र्याची, पाच फुगीर कप्पे एकापुढे एक जोडलेली, मीटरभराहून लांब पोकळ नळी. पत्रा दाबून वाट्या करायच्या, त्या निर्वातात इलेक्ट्रॉन बीमने जोडायच्या, मग आतला शंभराहून जास्त मायक्रॉनचा थर आम्लाने काढायचा. नायोबियमवर ऑक्साइडची अगदी पातळ साय असते, तीच हायड्रोजनला बाहेर अडवते. आम्लात ती साय विरघळते आणि हायड्रोजन थेट धातूत शिरतो.

एरवी तो गप्प असतो. पण कॅव्हिटी हळूहळू थंड होत उणे 120 ते उणे 200 अंश सेल्सिअसच्या पट्ट्यातून गेली, की हायड्रोजन एकवटतो आणि नायोबियम हायड्राइडचे कण धरतो. नायोबियम 9.2 केल्विनखाली अतिवाहक होतं, हे कण मात्र तसे साथ देत नाहीत. जिथे ऊर्जा जवळजवळ खर्चच व्हायला नको, तिथे उष्णता निघू लागते. कॅव्हिटी चालते त्या 2 केल्विनला एक वॅट उष्णता उपसायची तर बाहेर कित्येकशे वॅट वीज लागते, म्हणून हा रोग परवडत नाही.

उपाय भट्टी. भट्टी म्हटल्यावर मी धग, धूर, तापल्या लोखंडाचा वास असं काहीबाही मनात धरून गेले होते. इथे वास नावालाही नव्हता. एक मोठं दंडगोलाकार पात्र, पंपांची संथ घरघर आणि हातमोजे घातलेली माणसं. उघड्या बोटाचा ठसासुद्धा चालत नाही, कारण कातडीवरचा तेलकटपणा त्या तापमानाला धातूत मुरतो. कॅव्हिटीची तोंडंही नायोबियमच्याच झाकणांनी झाकतात, म्हणजे भट्टीतलं काही आत जायला नको.

तापमान सावकाश चढवतात. 800 अंशांना पोचलं की तिथे तीन तास. भट्टीवरचे काका इंदूरच्याच मराठी घरातले, आयटीआय करून इथे लागलेले. तापमानाच्या आकड्याकडे ते क्वचितच बघत. त्यांची नजर शेजारच्या पडद्यावर होती. आतल्या निर्वातात कोणते वायू उरलेत, ते वस्तुमानानुसार तिथे दिसतं. पाणी 18 वर, नायट्रोजन 28 वर, हायड्रोजन 2 वर.

"बाकीच्या रेघा जाऊ द्या, तुम्ही दोनची बघा," काका म्हणाले. दोनची रेघ उंच चढत गेली. धातूतला हायड्रोजन बाहेर पडत होता आणि पंप तो ओढून नेत होते. मी विचारलं, "संपला हे कळतं कसं?" ते म्हणाले, "दोन खाली बसली की. ती बसेपर्यंत घाई नाही." पुढच्या तासांत ते जेवायला उठतानाही जोडीदाराला "दोनकडे लक्ष" एवढंच सांगून गेले. चुलीवरच्या दुधाकडे आजी जशी पाठ फिरवूनही बघत असते, तसं ते बघणं होतं.

याच 800 अंशांवर 2013 च्या सुमारास फर्मीलॅबच्या ॲना ग्रासेलिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मोठा शोध लागला. भट्टीत थोडा वेळ अत्यल्प नायट्रोजन सोडायचा आणि नंतर वरचे काही मायक्रॉन विद्युत-रासायनिक पॉलिशने काढायचे. कॅव्हिटीतला ऊर्जाव्यय त्याने बराच घटला. कॅलिफोर्नियातल्या 'एलसीएलएस-टू' या एक्स-रे लेझरच्या कॅव्हिटींत हीच रीत वापरली गेली. नायट्रोजन सोडण्याची मुदत मोजून दोन मिनिटं!

कॅव्हिटी निर्वातातच निवते, आणि निवल्याशिवाय दार उघडत नाहीत. बाहेर येते तेव्हा नायोबियम आधीपेक्षा मऊ झालेलं असतं, जरा वेडंवाकडं धरलं तर कप्प्याचा आकार बिघडायचा. उचलताना कोणी बोलत नव्हतं. पुढे पुन्हा थोडं आम्ल, अतिशुद्ध पाण्याचे जोरदार फवारे, धूळरहित खोली, मग 2 केल्विनची परीक्षा.

त्वरक सुरू झाल्याच्या बातमीत संशोधकांची नावं येतात, यायलाच हवीत. पण रेघ खाली बसेपर्यंत भट्टी न उघडणाऱ्या माणसाचा उल्लेख एका ओळीतही नसावा, हे मला पटत नाही. तो घाईला आला असता, तर ती कॅव्हिटी परीक्षेतच नापास झाली असती.

आयटीआयमध्ये फिटर-वेल्डरचा ट्रेड घेतलेल्या मुलामुलींना निर्वात भट्टी, इलेक्ट्रॉन बीम जोडकाम, हीलियमने गळती शोधणं ही कामं आपल्या देशात होतात हे सहसा कोणी सांगत नाही. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल, तर तुम्ही सांगा.