उभी गाडी आणि क्रूझ कंट्रोल

थँक्सगिव्हिंगला आम्ही एडिसनहून बॉस्टनला चाललो होतो. भारतातून आलेली आई मागच्या सीटवर नातीशेजारी बसली होती. कनेक्टिकटमध्ये आय-९५ वर ॲडॅप्टिव्ह क्रूझ ६५ वर लावलेला होता, आणि पुढे व्हॅन असल्याने आमची गाडी तिच्यामागून निमूटपणे ५५ ने जात होती. एकाएकी व्हॅन डाव्या लेनमध्ये गेली. पाहतो तर पुढे आमच्याच लेनमध्ये एक बंद पडलेली गाडी दिवे लुकलुकवत उभी! आणि आमच्या गाडीने, रस्ता मोकळा झाला असे समजून, चक्क वेग वाढवायला घेतला. मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. दोन हातांचे अंतर उरले.

जरा वेळाने आईने विचारले, "अरे, एवढी महागाची गाडी, तिला दिसलं नाही होय?"

मंडळी, बहुधा दिसले होते. तिने ते मोजले नाही.

माझी पीएच.डी. सिग्नल प्रोसेसिंगमधली, तेव्हा हे थोडे सांगतो. गाडीच्या पुढच्या जाळीमागे किंवा चिन्हामागे बसवलेला रडार ७७ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी सोडतो. लहर परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळते, आणि तिच्या बदललेल्या वारंवारतेवरून वेग. स्टेशनातून धडधडत जाणाऱ्या मेलच्या शिट्टीचा सूर बदलतो, तोच हा डॉप्लर परिणाम. वेग फार अचूक कळतो, पण गोची इथेच आहे. उभी गाडी, वरचा पूल, एक्झिटची हिरवी पाटी, गार्डरेल, मॅनहोलचे झाकण, सगळेच रडारला आपल्या वेगाने आपल्याकडे येताना दिसते. त्यातून साध्या रडारला उंची नीट कळत नाही. प्रत्येक वस्तूसाठी ब्रेक लावला तर गाडी दर पुलाशी कचकन थांबेल आणि मागचा ट्रक आपल्यावर येईल. म्हणून इंजिनियरांनी तडजोड केली: जी वस्तू कधी हलताना दिसलीच नाही, तिच्यावर फारसा विश्वास ठेवायचा नाही. व्हॅनच हळूहळू थांबली असती तर आमची गाडीही थांबली असती, कारण व्हॅनची नोंद आधीपासून होती.

जानेवारी २०१८ मध्ये लॉस एंजलिसजवळ कल्व्हर सिटी येथे आय-४०५ वर असेच झाले. ऑटोपायलटवर चाललेल्या टेस्ला मॉडेल एससमोरची गाडी बाजूला झाली, आणि टेस्ला ताशी सुमारे ३१ मैलांनी उभ्या फायर ट्रकवर आदळली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

आता बऱ्याच गाड्यांत रडारच्या मदतीला कॅमेरा असतो, त्यामुळे खूप सुधारणा आहे. पण समोरून येणारे तिरपे ऊन आणि काचेवरचा बर्फ कॅमेऱ्यालाही चुकत नाही. आणि आपल्या पार्ट्यांत ऐकू येणारी दुसरी तक्रार, "मोकळ्या रस्त्यावर गाडी उगीचच ब्रेक लावते", ही बऱ्याचदा याच नाण्याची दुसरी बाजू असते. संशयाची रेघ खाली आणली की नसते ब्रेक वाढतात, वर नेली की उभ्या गाड्या सुटतात.

वळणावर शेजारच्या लेनमधला ट्रक 'आपला' समजणे हा त्यामानाने किरकोळ दोष. एक्झिटचा मात्र मोठा. पुढच्या गाडीमागून आपण ४० ने आलेलो असतो, रॅम्पवर वळतो, ती सरळ निघून जाते, आणि आपल्या गाडीला ६५ आठवतात! एक्झिटच्या आधी क्रूझ बंद करावा. विंडशील्ड बदलली असेल तर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन केले का, हे विचारल्याशिवाय दुकानातून हलू नये. तिथे चार पैसे वाचवू नयेत.

हे सगळे मला त्या दिवशीही ठाऊक होते. तरी माझा पाय ब्रेकपासून दूर, गालिच्यावर आरामात होता, आणि मी ढोकळ्याविषयी बोलत होतो.

परतीच्या प्रवासात आई पुढे बसली. समोरची गाडी लेन बदलू लागली की म्हणायची, "आता बघ हं."