माळ्यावरच्या गिटारचं वय आणि वंशावळ

खानदेशात विजेवर वाजणारं वाद्य म्हटलं की आधी वरातीतला बँजो आठवतो. पण चाळीसगाव हे मुंबई-भुसावळ लाइनीवरचं जंक्शन. इथल्या एखाद्या घराच्या माळ्यावर ऑर्केस्ट्राच्या जमान्यातली इलेक्ट्रिक गिटारही निघू शकते. मग घरात दोन प्रश्न उभे राहतात: केवढी जुनी, आणि आली कुठून? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा गिटारच्या पोटात असतं, दुसऱ्याचं घरातल्या ट्रंकेत.

शंभर वर्षांची नसणारच

रिकनबॅकरची पहिली इलेक्ट्रिक गिटार १९३२ मध्ये बाजारात आली. भरीव लाकडाची फेंडर १९५० ची, गिब्सनची लेस पॉल १९५२ ची आणि फेंडरची स्ट्रॅटोकॅस्टर १९५४ ची. घरात सांगितलं जाणारं वय या वर्षांशी ताडून पाहिलं की निम्म्या दंतकथा तिथेच गळतात.

नंबर शेवटी पाहा

सगळे आधी नंबर शोधतात. मी तो शेवटी पाहायला सांगेन. जुन्या फेंडरवर दांडी आणि बॉडीच्या सांध्यामागे धातूची पट्टी असते, नंबर तिच्यावर. चार स्क्रू काढले की ती पट्टी दुसऱ्या गिटारला बसते. शिवाय कारखान्यातही या पट्ट्या क्रमाने लावल्या जात नव्हत्या. गिब्सनने तर साठच्या दशकात तेच आकडे पुन्हा वापरले, त्यामुळे एकाच नंबरच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गिटारी भेटतात. गिब्सनच्या दांडीमागे नंबरजवळ ‘मेड इन यूएसए’ दाबलेलं असेल, तर ती १९७० किंवा त्यानंतरची.

१९७७ पासून मात्र गिब्सनचा आठ आकडी नंबर बोलका झाला. पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष, मधले तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. ८०४५३१२० असा नंबर असेल, तर गिटारवर तो १९८३ च्या ४५ व्या दिवशी, म्हणजे १४ फेब्रुवारीला पडला.

झाकण उघडल्यावर

खरी गंमत इथे आहे. व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखाली जे पॉट असतात, त्यांच्या पाठीवर किंवा कडेला बारीक आकडे छापलेले असतात. अमेरिकी पॉटवर १३७६४३२ दिसलं, तर १३७ हा सीटीएस कंपनीचा संकेत, ६४ हे वर्ष, ३२ हा आठवडा. ३०४ असेल तर पॉट स्टॅकपोलचा. पण पॉटचं वय ते गिटारचं वय नव्हे. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला आणि तो पुढे काही वर्षं पुरवला, म्हणून १९६९ च्या गिटारीतही १९६६ चे पॉट सापडतात. पॉट मूळचा असेल तर तो एवढंच सांगतो की गिटार याच्या आधीची नाही.

तो मूळचा आहे का, हे सोल्डरवरून कळतं. कारखान्याचा टाका जुना, मंद झालेला असतो. त्यावर नवा चकचकीत थेंब असेल तर गावातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने हात लावलेला आहे. त्यात गैर काही नाही, गिटार वाजती राहिली ती त्याच्यामुळेच. फक्त काय बदललं ते लिहून ठेवावं.

फेंडरची दांडी काढली तर तिच्या टाचेवर तारीख मिळते: १९६२ च्या सुरुवातीपर्यंत पेन्सिलीने लिहिलेली, पुढे शिक्क्याची. शिक्क्यात ‘२ मार्च ६३’ अशा धर्तीची अक्षरं दिसली की लोक दोन मार्च समजतात. तो पहिला आकडा मॉडेलचा असतो, तारखेचा नाही. मात्र दांडी स्वतः काढू नका, जाणकार कारागिराकडून काढून घ्या.

रंगही पाहावा. जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर पिवळं पडतं, त्यावर केसासारख्या चिरा येतात. आपल्याकडे मात्र पुष्कळ गिटारी मोटार गॅरेजात ड्युको मारून ‘नव्या’ केल्या गेल्या. मूळ रंग मग झाकणाखाली किंवा दांडीच्या खोबणीत शोधायचा.

अमेरिकी नसली तर

आयातीवर कडक बंधनं होती त्या काळात अमेरिकी गिटार दुर्मीळच. जपानी किंवा कोलकात्याची गिवसन मिळण्याचा संभव अधिक. जपानी आयबानेझवर १९७५ नंतर अक्षर आणि आकडे येतात: अक्षर महिन्याचं, पुढचे दोन आकडे वर्षाचे. एफ७८ म्हणजे जून १९७८. सत्तरच्या दशकातल्या कित्येक जपानी नकलांवर नंबरच नाही, तिथे पॉट, पिकअप आणि स्क्रूच बोलतात. गिवसन निघाली म्हणून हिरमुसू नये. लिलावात भाव येणार नाही कदाचित, पण गावातल्या ऑर्केस्ट्राचा इतिहास तिच्यातच आहे.

कुणाची होती?

वंशावळीसाठी कागद लागतात: धोबी तलावच्या फर्टाडोजसारख्या दुकानाची पावती, कस्टमची पावती, ऑर्केस्ट्राची हँडबिलं आणि सगळ्यांत मोलाचे म्हणजे फोटो. जॉन लेननने १९६२ मध्ये घेतलेली गिब्सन जे-१६०ई पुढच्याच वर्षाच्या अखेरीस हरवली. कित्येक वर्षांनी ती कॅलिफोर्नियात मिळाली, तेव्हा नंबराबरोबर जुन्या फोटोंतल्या लाकडाच्या रेषाही जुळवून पाहिल्या गेल्या. त्या जुळल्या, आणि २०१५ च्या लिलावात तिला २४ लाख डॉलरच्या वर किंमत आली. लाकडाची रेष माणसाच्या बोटाच्या ठशासारखी, दुसरीकडे तशीच मिळत नाही.

फोटोचं मोल केकी मूस यांच्या चाळीसगावाला सांगायला नको. स्टेशनजवळच्या ज्या बंगल्यात या छायाचित्रकाराने १९८९ पर्यंत आयुष्य काढलं, तिथे त्यांचा संग्रह जपलेला आहे. आपल्या घरचे लग्नाचे, गणेशोत्सवाचे अल्बम त्याच नजरेने उघडावेत. स्टेजवर गिटार दिसली तर भिंग लावून लाकडाच्या रेषा, पोपडे, खरचटे जुळवा. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर तोही टिपा. मग वाजवणारे काका-मामा असतील त्यांना गाठा आणि गिटार कुणाकडून, कोणत्या वर्षी, केवढ्याला घेतली ते त्यांच्याच शब्दांत रेकॉर्ड करा.

हे सगळं होईपर्यंत गिटार पॉलिश करू नका, तारा एकदम सगळ्या काढू नका, आणि दुरुस्तीत निघालेला पॉट, स्क्रू, तुटकी की एका डबीत घालून गिटारच्या पेटीतच ठेवा.